बोटांनी जात नसेल तर पाना लावू नकोस

पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विमानाच्या इंजिनाच्या १०० तासांच्या तपासणीत तीन नंबर सिलिंडरचा खालचा स्पार्क प्लग काढला, तर त्याच्याबरोबर हेलिकॉइलही, म्हणजे प्लगच्या भोकात आट्यांसाठी बसवलेली तारेची गुंडाळीही, बाहेर आली. सिनियरने तीच परत आत फिरवली, प्लग घातला, शेवटचे दोन-तीन फेरे पान्याने नेले, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर आला. आता तू विचारतोस, टॉर्क आला तरी मन का खात राहतं?

कारण मन बरोबर आहे. जो प्लग बोटांनी गॅस्केट टेकेपर्यंत जात नाही, त्याला पाना लावायचा नाही. तुझ्या सगळ्या गोंधळाचं उत्तर एवढंच.

लायकोमिंग इंजिनाला प्लगचा टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड. पण टॉर्क रेंच फक्त फिरवायला किती जोर लागला ते सांगतो. तो जोर गॅस्केट दाबण्यात गेला की वाकड्या आट्यांत प्लग रेटण्यात, हे त्याला कळत नाही. वाकडा चढलेला प्लगसुद्धा ३० दाखवतो. जमिनीवर इंजिन चालवून बघताना (ग्राउंड रन) मॅग्नेटो ड्रॉपही, म्हणजे ठिणगी देणारा एक मॅग्नेटो बंद केल्यावर फेरे किती घटतात तेही, हद्दीत येईल, कारण तिथे ठिणगी तपासली जाते, आटे नाहीत. आट्यांची परीक्षा फक्त तुझी बोटं घेतात. प्लगची उष्णता आट्यांतून आणि गॅस्केटमधून सिलिंडरच्या हेडमध्ये उतरते. बैठक अर्धवट राहिली की प्लगचं टोक तापून लाल होतं, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. त्या वेळी आत बसलेला असतो सोलोला निघालेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची गुंडाळी. मोकळी असताना ती हेडच्या भोकापेक्षा जराशी मोठी असते आणि स्वतःच्या ताणावर ॲल्युमिनियमला धरून राहते. जी एकदा प्लगबरोबर निघून आली, तिची पकड गेली. ती परत घालायची नसते. नवी घाल, तीही मॅन्युअलमधल्या टूलने, आणि तिथे सांगितल्याप्रमाणे फुगवून पक्की कर. वरचा वेढा गॅस्केटच्या बैठकीखाली राहू दे. खालचं टोक ज्वलनकक्षात डोकावता कामा नये, तेच टोक तापून निखारा होतं. नेहमीच्या मापाची सैल बसली तर ओव्हरसाइज मिळते. हेडचे स्वतःचे आटेच खाल्ले गेले असतील, तर सिलिंडर उतरव आणि दुरुस्तीला पाठव. मोटारींच्या दुकानातला किट आणायचा नाही. हे मी समजावतही बसणार नाही.

आणि ‘आटे जरा साफ करतो’ म्हणून कोणी टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू लागला तर त्याचा हात धर. टॅप वेढ्यात अडकतो आणि तो उकलून आणतो. खालच्या प्लगच्या आट्यांत शिसं आणि कार्बन साचतो हे खरं, पण त्यासाठी साफ करायचं वेगळं टूल आहे. त्याच्या खाचांत ग्रीस भर, हाताने फिरव, नंतर बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) आत बघ. प्लग घालताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) अगदी थोडं, टोकाकडचा पहिला आटा कोरडा सोडून, आणि गॅस्केट नवं. मग बोटांनी. पुन्हा सांगतो, बोटांनी. अडला तर बाहेर काढ, बघ, परत लाव.

मला लोक हट्टी म्हणायचे. परीक्षेच्या तोंडावर एक विमान मी याच कारणासाठी जमिनीवर ठेवलं होतं. मुलांचे तास बुडाले, चीफ इन्स्ट्रक्टर सगळ्या हँगरसमोर ओरडले. ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचो, ते त्यानंतर माझ्याशी बोलेनासे झाले. ती दुरी कधीच भरली नाही. त्याची खंत आहे आणि राहील. विमान थांबवल्याची मात्र नाही. प्लग तीन फेऱ्यांवर अडत होता. मी दुसरं काय करायला हवं होतं? त्यांना उशीर दिसत होता, मला आटे दिसत होते. तेव्हाही मी बरोबर होतो, आजही तेच करीन.

तुझ्या सिनियरला मी वाईट म्हणत नाही. विमान लवकर सोडायचा दाब कसा असतो ते मला माहीत आहे. पण तू अजून शिकाऊ आहेस, विमान उडायला सोडण्याच्या कागदावर, रिलीजवर, सही तुझी नाही, म्हणून गप्प बसायची मोकळीक मिळत नाही. प्लग तुझ्या हातांनी निघाला होता. त्यांना आधी एकट्यात सांग, नीट मान राखून. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, तर सही करणाऱ्या इंजिनियरकडे त्याच दिवशी जा, विमान हँगरच्या बाहेर पडायच्या आत. तोंडी सांगून थांबू नकोस. सिलिंडरचा नंबर, वरचा की खालचा प्लग, हेलिकॉइल प्लगबरोबर निघाली आणि तीच परत घातली, असं वर्कशीटवर स्वच्छ अक्षरात लिही. ती हेलिकॉइल बाहेर काढली की फेकून देऊ देऊ नकोस. पिशवीत घालून टॅग लाव आणि त्या इंजिनियरच्या टेबलावर ठेव.