ताईच्या गच्चीवरच्या बागेसाठी भाऊबीजेला काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ताई पुण्यात इमारतीच्या गच्चीवर चार वर्षं भाजी पिकवतेय, घरातला ओला कचरा खाली जाऊ देत नाही, तुम्हाला तिचा अभिमान वाटतो आणि यंदा ओवाळणीत बागेच्या उपयोगाचं काहीतरी द्यायचंय.

वाळका पाला द्या. पोत्यांनी.

हसू नका. कंपोस्ट करणाऱ्याकडे ओला कचरा रोज आपसूक येतो, तुटवडा सुक्याचा असतो. एक वाटी सालं-देठं टाकली की वर दोन वाट्या चुरलेला पाला, हे प्रमाण. पाला कमी पडला की आतली हवा कोंडते, ढीग चिकट होतो आणि वास सुटतो. मग शेजारी तक्रार करतात. नेमक्या पावसाळ्यात, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा, कोरडा पाला कुठे मिळत नाही.

हिशोब करा. चौघांच्या घरात दिवसाला किलोभर ओला कचरा धरला तर तो साधारण दोन लिटर जागा घेतो. त्याला चार लिटर पाला. जून ते सप्टेंबर 120 दिवस, म्हणजे 480 लिटर. धान्याच्या 50 किलोच्या पोत्यात पाय देऊन दाबून भरलात तर सात-आठ पोती लागतील.

अडचण एवढीच की भाऊबीज कार्तिकात आणि पानगळ माघ-फाल्गुनात. तेव्हा ओवाळणीच्या ताटात रिकाम्या पोत्यांची गुंडाळी ठेवा आणि बाकी उधार सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीचा झाडूवाला पाला पेटवायच्या आत त्याच्याशी बोलून ठेवा. वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष, बदाम, काहीही चालतं. आंब्याची पानं जाड, कुजायला वेळ घेतात. ती चुरून टाका. निलगिरी मात्र टाळा. रस्त्यावरचा पाला असेल तर गुटख्याच्या पुड्या आणि काचा निवडाव्या लागतात. पोती भरण्याआधी पाला उन्हात खडखडीत वाळवा. जरा दमट राहिला तर पोत्यातच बुरशी धरतो.

मातीची पोती कृपया नेऊ नका. प्रेमापोटी केलेली ही सर्वांत महागडी चूक. फूटभर खोल ओल्या मातीचा भार चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातो आणि वावरायच्या गच्चीसाठी इमारतीच्या आराखड्यात साधारण 150 किलोच धरलेले असतात. त्यामुळे गच्चीवरच्या वाफ्यात माती थोडी आणि कुजलेला पाला, कंपोस्ट जास्त. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरची बागही अशीच, कचरा आणि पाल्यावर उभी राहिली. जड कुंड्या मध्यावर न ठेवता तुळई-खांबांच्या रेषेत ठेवायच्या आणि विटांवर उचलून, म्हणजे खालून पाणी वाहून जातं.

भाऊबीजेलाच हातात काही द्यायचं असेल तर बी द्या. रब्बीची पेरणी याच दिवसांत. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, सरळ वाणाचं, म्हणजे ताईला पुढच्या वर्षी स्वतःचं बी धरता येईल. संकरित पाकिटाचं बी धरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरू नका, नाहीतर उगवण विरळ होते.

अजून एक. कंपोस्टच्या डब्यात तपकिरी, गुबगुबीत अळ्या दिसल्या तर मदतीच्या उत्साहात डबा रिकामा करून धुऊ नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा फार वेगाने खातात. नको असतील तर वरून चार बोटं पाला पसरला की पुरे.

पण खरी गरज विचाराल तर ती सुट्टीत असते. बाग करणारी बाई आठ दिवस गावाला जाऊ शकत नाही, कारण पाणी कोण घालणार? ते काम अंगावर घ्या. त्यात एकच गोष्ट शिकायची: रोज बादलीभर पाणी ओतणं म्हणजे काळजी नव्हे, त्यानं मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. गार आणि ओलं लागलं तर त्या कुंडीला आज पाणी नाही. कोरडं लागलं तर सकाळी, हळूहळू, बुडाच्या भोकातून थेंब येईपर्यंत. टोमॅटो दुपारी मलूल दिसला तर घाबरू नका. संध्याकाळी ताठ झाला तर तो उन्हाचा परिणाम, संध्याकाळीही मान टाकून असला तरच तहान समजा आणि तरी आधी बोट घालून बघा. अळवाच्या बादलीला हा नियम लागू नाही, तिला रोज पाणी.