माफी घेतली म्हणजे गुन्हा कबूल?

प्रश्न आलाय की सरकारी माफी घेतली म्हणजे गुन्हा कबूल केला असं धरायचं का. आधी एक, टीव्हीवाले ‘माफी मिळाली आणि तो निर्दोष सुटला’ म्हणतात ना, ते ऐकलं की डोकं फिरतं. निर्दोष कोर्ट ठरवतं, माफी सरकार देतं, कशाला कशात घालता!

‘सॉरी’वाली माफी सगळ्यांना माहितीये, ती सोडा. खरी मजा ‘माफ’मध्ये आहे. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्या दफ्तरात शिरला. मुळाशी ‘अफ्व’, म्हणजे पुसून टाकणं, वाऱ्याने वाळूतल्या खुणा पुसल्या तरी अरबीत हेच क्रियापद! आणि त्याच धातूतून ‘आफियत’, म्हणजे सुखरूप असणं. तर माफ म्हणजे ज्याला झळ लागायची नाही तो. म्हणून शेतसारा माफ, फी माफ, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ. दहिसर नाक्यावरून फुकट जाताना तुम्ही कुठला गुन्हा कबूल करता? लोकलमध्ये भीक मागणाऱ्याला आपण ‘माफ कर बाबा’ म्हणतो तेही माझ्या मते हेच, मला यातून सोड (हसा खुशाल, मी हे मत सोडणार नाही).

आमचे एक वकीलसाहेब लगेच १९१५चा अमेरिकेतला बर्डिक खटला काढतात, त्यात कोर्ट म्हणालं होतं की माफी स्वीकारणं म्हणजे कबुली. अहो पण बर्डिक हा पेपरातला संपादक, त्याने माफी नाकारली होती, आणि ती नाकारता येते का हाच मुद्दा होता, कबुलीचं वाक्य जाता जाता आलंय! २०२१ मध्ये तिथल्याच एका अपील कोर्टाने लॉरन्स (माफी मिळालेला लष्करी अधिकारी) प्रकरणात सांगितलं की नुसती माफी घेतली म्हणजे कबुली नाही. आपल्याकडे इंदिरा गांधी हत्येत फाशी झालेल्या केहर सिंगच्या प्रकरणात (निकाल बहुतेकांना पाठ, वाचलेला कोणी नाही) सुप्रीम कोर्ट म्हणालं की संविधानाच्या कलम ७२ खाली, म्हणजे दयेच्या अधिकारात, राष्ट्रपती पुरावा स्वतः बघून वेगळं मत बनवू शकतात. म्हणजे ‘मी केलंच नाही’ म्हणूनही दयेचा अर्ज करता येतो.

कबुली लागते ती माफीच्या साक्षीदाराला, म्हणजे साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या आरोपीला, आणि ही माफी मात्र कोर्ट देतं. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टाने २६/११ हल्ल्यातल्या डेव्हिड हेडलीला माफी दिली ती सगळं खरं सांगायच्या अटीवरच.

आणि ‘माफी परका शब्द, क्षमा म्हणा’ वाल्यांनो, क्षम् म्हणजे सोसणं. तिथे सोसतो तो देणारा, घेणाऱ्याने काय केलं हे तो शब्द विचारतसुद्धा नाही.