काउबॉय, गुराखी की नुसते गडी?

विचारणा अशी आली आहे: 'ब्रोकबॅक माउंटन' या सिनेमावर मराठीत लिहिताना 'दोन गुराख्यांची शोकांत प्रेमकथा' असं लिहिलं, तर घरात वाचून दाखवताना सगळे हसले. मग 'काउबॉय' तसंच ठेवावं का? की 'गुराखी' बरोबरच आहे?

चूक आहे, पण घरच्यांना खटकली ती नव्हे. त्या डोंगरावर गुरं आहेतच कुठे? १९६३च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या सिग्नल नावाच्या कल्पित गावी, एनिस डेल मार आणि जॅक ट्विस्ट ही विशीही न गाठलेली दोन पोरं हंगामापुरती कामाला लागतात ती मेंढरांवर. अँग लीच्या २००५ सालच्या सिनेमात डोंगर चढून जाणारा तो पांढरा लोंढा मेंढरांचाच आहे. कामाची वाटणीही मेंढरांच्या हिशेबाने होते: एकाने मुक्कामावर राहून चूल सांभाळायची, दुसऱ्याने वर कळपाशेजारी रात्र काढायची, कारण भीती कोयोटींची, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावरांची. ज्या रात्री राखणदार वर जात नाही आणि दोघं एकाच तंबूत झोपतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मेंढी फाडलेली सापडते. कथेचा सांधा असा राखणीच्या कामात आहे. शब्द चुकला की सांधाही निखळतो.

मग जगभर 'काउबॉयची प्रेमकथा' असं का झालं? टोपीमुळे, घोड्यांमुळे आणि जाहिरातीत ते खपतं म्हणूनही. मूळ कथा लिहिणाऱ्या अ‍ॅनी प्रू यांनी या शिक्क्यावर स्वतःच हरकत घेतली होती. त्यांची कथा १९९७ साली 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकात आली, तेव्हाही ती रँचवर, म्हणजे तिकडच्या गुरांच्या मळ्यावर, वाढलेल्या, मनातलं नीट बोलता न येणाऱ्या दोन पोरांची होती. काउबॉय व्हायची हौस जॅकला आहे खरी. तो रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या खेळात, बैलावर बसतो, आपटतो, आणि शेवटी टेक्ससमध्ये सासऱ्याच्या धंद्यात शेतीची यंत्रं विकतो. एनिस मात्र पुढे खरोखरच रँचवरच्या गुरांत राबतो. त्याला रुबाबदार काउबॉय म्हणायला जीभ रेटत नाही.

'काउबॉय' आणि 'मेंढ्या राखणारा' यांत तिकडे जुनं वैरही आहे. मोकळ्या सरकारी कुरणांवर गुरंवाले आपला हक्क समजत. मेंढरं गवत मुळापर्यंत खातात, मागे काही ठेवत नाहीत, ही त्यांची तक्रार. भांडण खुनापर्यंत गेलं. १९०९च्या एप्रिलमध्ये वायोमिंगातल्याच टेन स्लीप गावाजवळ, स्प्रिंग क्रीकला, गुरंवाल्यांच्या टोळीने मेंढरांच्या मुक्कामावर रात्री हल्ला केला, तिघांना मारलं, गाड्या पेटवल्या. पाच जणांना शिक्षा झाली. त्या मुलखात मेंढरामागे जाणं ही खालची पायरी. आपण सरसकट 'काउबॉय' लिहिलं की ही पायरीच पुसली जाते.

आता 'गुराखी'. शब्द सुंदर आहे, गुरं राखणारा तो गुराखी. पण आपला गुराखी पायी चालतो. हातात काठी, डोक्यावर टापसं, आणि मागे गावाची मिळून वीसपंचवीस जनावरं. शिवाय "अभ्यास केला नाहीस तर गुरं राखायला जाशील" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. घरचे हसले ते यामुळे. घोड्यावरचा, अंगावर येईल असा पुरुष त्या शब्दात बसत नाही.

'मेंढपाळ' अर्थाने चोख, पण त्याला बातमीचा आणि अनुदानाच्या अर्जाचा वास येतो. बोलताना कोणी "मी मेंढपाळ आहे" म्हणत नाही. "मेंढरामागं असतो" म्हणतात. लेखात एकदा वापरून मोकळं व्हायला हरकत नाही. 'धनगर' मात्र अजिबात नको. ते एका समाजाचं नाव आहे, त्याच्याबरोबर बिरोबा येतो, घोंगडं येतं, वाडा येतो. वायोमिंगच्या पोराच्या खांद्यावर घोंगडं टाकून काय करणार?

मला विचाराल तर शब्द आपल्या रोजच्या तोंडातलाच आहे: गडी.

गडी म्हणजे मजुरीवर ठेवलेला माणूस. सालाने ठेवला तर सालगडी, हंगामापुरता तर नुसता गडी. इंग्रजीत रँचवरच्या अशा माणसाला 'हँड' म्हणतात, त्याला हा चपखल बसतो. गडी म्हणजे पुरुषही: "घरात कोणी गडीमाणूस नाही." गडी म्हणजे खेळातला भिडू: भारत 'सात गडी राखून' जिंकतो. आणि गडी म्हणजे जिवाचा सोबती, सवंगडी. काल्याच्या अभंगांत कृष्णाबरोबर गाई राखणारी पोरं गडीच आहेत. (जात्यावरच्या ओव्यांत बाईची मैत्रीण ती गडण, हेही जाता जाता.) नोकर, पुरुष आणि जोडीदार हे तिन्ही अर्थ एका शब्दात, आणि सिनेमाही या तिन्हींच्या मध्येच अडकलेला.

एक अडचण आहे. शहरी कानाला 'गडी' म्हटलं की आधी घरकामाचा रामागडी आठवतो. म्हणून पहिल्या वाक्यात 'मेंढरांवर ठेवलेले दोन गडी' असं लिहा, पुढे नुसतं 'गडी' चालेल.

'समलिंगी' हा शब्द तुमच्या लेखात जरूर असू द्या. तो सभ्य आहे, रुळलेला आहे. त्या दोघांच्या तोंडी मात्र घालू नका. एनिस आपण 'तसले' नाही असं सांगतो, जॅकही तेच म्हणतो, आणि पुढे वीस वर्षं एनिस त्या गोष्टीला 'हे' यापलीकडे नाव देत नाही. मराठीत 'हे' लिहा. नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणणाऱ्या भाषेला ते अवघड नाही.

आणि पत्राचं. मूळ कथेत चार वर्षांच्या गप्पपणानंतर जॅकचं पत्र येतं. त्यात वरती एनिसचं नाव नाही, नुसती 'फ्रेंड' अशी हाक आहे. 'मित्रा' लिहिलंत तर शाळेच्या पत्रलेखनातलं वाटेल, 'प्रिय मित्र' तर विचारूच नका. मी 'गड्या' लिहीन. या भागात येतोय, भेटशील का, एवढाच मजकूर. एनिस आपला पत्ता देतो आणि उत्तरात दोन शब्द खरडतो, 'यू बेट'. याचं मराठी मी बरेच दिवस शोधत होतो. 'नक्की' फार कोरडं, 'अवश्य' फार आदबीचं. परवा फोनवर मामा सहज बोलून गेला, तेव्हा सापडलं: "ये की."