तसबीर कोणी फिरवली?

"मॅडम, आमच्याकडे रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते. दर रविवारी मुलगा आमच्याबरोबर चर्चमध्ये मिस्साला येतो, धर्मशिक्षणाचा वर्ग चुकवत नाही. दहा आज्ञा घडाघडा म्हणतो. तरी घरातच चोरी केली आणि वर धडधडीत खोटं बोलला. आम्ही कुठे कमी पडलो?"

मुलाच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न. बोरिवलीत राहणारं, मूळचं वसईचं कॅथलिक कुटुंब. मुलगा आठ वर्षांचा. त्याला इथे जोएल म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्याच्या आईने परवानगी दिली म्हणूनच लिहिते आहे. हाच प्रश्न मला कॅथलिक घरांतून येतो, तसा आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मराठी घरांतूनही येतो. एवढं शिकवूनही मूल चुकीचं निवडतं, म्हणजे श्रद्धा रुजलीच नाही का, ही त्यामागची भीती. ती आईवडिलांना फार पोखरते.

घडलं होतं ते असं. उपवासकाळात चर्चमधून मुलांना पुठ्ठ्याची डबी दिली होती. चॉकलेट, आइस्क्रीम सोडून वाचलेले पैसे त्यात टाकायचे आणि ईस्टरच्या आधी गरिबांसाठी द्यायचे. जोएलने आईच्या केसांतली पिन घालून डबीच्या फटीतून दहा-दहाची सात नाणी काढली आणि पोकेमॉनची कार्डं घेतली. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "मी नाही घेतले, मला काय माहीत." तीन आठवडे तो यावरच ठाम होता. शेवटी कार्डं गादीखाली सापडली.

पण आईला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. डबी हॉलमधल्या आल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या वेदीवर असायची, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी. त्या तीन आठवड्यांत दोनदा तिला ती तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसली. पुसताना फिरली असेल, असं म्हणून तिने ती सरळ केली होती. कार्डं सापडल्यावर तिच्या लक्षात आलं.

"एवढासा मुलगा देवाला फसवायला निघाला, मॅडम," ती म्हणाली.

मला मात्र त्या फिरवलेल्या तसबिरीत जोएलबद्दल आशा वाटावी असंच काहीतरी दिसलं. ज्याला काहीच वाटत नाही, तो तसबीर फिरवत नाही. येशू आहे आणि बघतो आहे यावर या मुलाचा पक्का विश्वास होता, आपण करतोय ते बरोबर नाही हेही त्याला कळत होतं. बघणाऱ्याचं करायचं काय, तेवढं मात्र त्याने स्वतःच्या अकलेने ठरवलं. मी आईला विचारलं, "देव बघतो, हे वाक्य घरात कधी बोललं जातं?" ती जरा थांबून म्हणाली, "तो काही चुकीचं करताना सापडला की."

जोएलला पहिल्या भेटीत मी चोरीबद्दल काहीही विचारलं नाही. दोन छोट्या गोष्टी सांगितल्या. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या या गोष्टी आजही कामाला येतात. एका मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलतो, दारामागे ट्रे असतो आणि त्याला ठाऊकही नसताना पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला जाम चोरायला चढतो आणि एक कप फुटतो. जास्त चुकलं कोण? लहान मुलं बहुतेक वेळा पंधरा कपवाल्याला दोषी धरतात, कारण त्यांना नुकसान दिसतं, हेतू दिसत नाही. वय वाढतं तसं हे बदलत जातं. जोएलनेही पंधरावालाच म्हटलं. का, असं विचारल्यावर म्हणाला, "पंधरा फुटले की आवाज मोठा येतो ना. आई लगेच येते."

त्याच्या हिशेबात चूक म्हणजे पकडलं जाणं. हा हिशेब त्याला कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. पण आपण मुलांना 'देव बघतो' फक्त धाक म्हणून सांगतो तेव्हा ती नेमकं हेच शिकतात. देव म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं तोंड फिरवता येतं. नरकाच्या भीतीचंही तेच. पाच-सहा वर्षांची मुलं रात्री दचकून उठायला लागल्यावर आईवडील माझ्याकडे आणतात आणि बोलता बोलता कळतं की घरात किंवा वर्गात कोणीतरी आगीचं वर्णन करून सांगितलं होतं. या वयाला नरक दाखवून चांगलं वळण लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला अभ्यासाचाही आधार आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं पाहिली. एका शाळेत मारण्याची शिक्षा होती, दुसरीत नव्हती. खेळण्याकडे बघू नको असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की डोकावणारी मुलं दोन्हीकडे होती. पण मारणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं शेवटपर्यंत निभावण्यातही तीच पटाईत निघाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना आधी गोष्टी सांगितल्या होत्या. खोटं बोलणाऱ्याला शेवटी शिक्षा होते, अशा 'लांडगा आला रे आला'सारख्या गोष्टींनी फरक पडला नाही. खरं बोलल्यावर वडिलांनी जवळ घेतलं, अशी गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त वेळा खरं सांगितलं.

म्हणून मी जोएलबरोबर बायबलमधली जक्कयाची गोष्ट काढली. जक्कय हा लोकांना लुबाडणारा जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला. ती त्याला माहीत होती, उंबराच्या झाडावर चढून दाखवायची त्याची तयारी होती. मी विचारलं, "येशूने झाडाखाली थांबून त्याला आधी काय म्हटलं?" त्याला वाटत होतं की येशू रागावला. लूकच्या शुभवर्तमानातला एकोणिसावा अध्याय आम्ही सावकाश वाचला. येशू त्याला चोर म्हणत नाही. लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, एवढंच म्हणतो. पैसे परत करायचं जक्कय नंतर स्वतःहून बोलतो. आणि परत किती? चौपट.

जोएलचा चेहरा पडला. बोटांवर मोजून म्हणाला, "टीचर, म्हणजे दोनशे ऐंशी?"

आईवडिलांनी ठोकलेल्या दंडाने जे झालं नसतं, ते त्या एका गुणाकाराने झालं. सत्तर रुपये गेले, ते कोणाचे तरी होते, ही गोष्ट पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात आली. मी म्हटलं, जक्कयाला आकडा कोणी सांगितला नव्हता, त्याने स्वतः ठरवला. तूही ठरव. कार्डं विकायची त्याने खटपट केली, कोणी घेतली नाहीत. मग शनिवारचा वडापाव सोडायचा आणि ते पैसे डबीत टाकायचे, असं त्याने ठरवलं. सत्तर, आणि वर दहा. बाबा एका झटक्यात भरून टाकायला तयार होते. मी त्यांना हात जोडले. भरपाई मुलाच्या खिशातून आणि त्याच्या वेगाने झाली पाहिजे, नाहीतर त्याच्या वाट्याला फक्त शरम येते.

आईला मी एक सवय सोडायला सांगितली, आणि ही मी सगळ्याच पालकांना सांगते. उत्तर माहीत असताना विचारू नका. "डबीतले पैसे कुठे गेले?" हा प्रश्न नव्हे, सापळा आहे, आणि सापळ्यात सापडलेलं मूल खोटंच बोलणार. त्याऐवजी जवळ बसून म्हणायचं, "तू पैसे घेतलेस, मला कळलंय. आता आपण ते कसं नीट करायचं?" खोट्याला जागाच उरत नाही आणि मुलाला परत यायला वाट राहते.

पैसे का घेतले, हे तिसऱ्या भेटीत कळलं. बिल्डिंगमधली मोठी मुलं कार्डं नसणाऱ्याला खेळायला घेत नव्हती. 'चोरी करू नको' त्याला पाठ होतं. कॅथलिक क्रमाने ती सातवी आज्ञा, मी लहानपणी आठवी म्हणून शिकले. पण जिन्यात एकट्याने उभं राहायची पाळी आली की काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते आम्ही खोलीत नाटक करून शिकलो. मी दादागिरी करणारा मुलगा झाले. "नाहीत माझ्याकडे, मी अंपायर बनतो," हे वाक्य त्याला स्वतःलाच सुचलं.

मग एके दिवशी, आईही खोलीत असताना, तो सहज बोलून गेला, "पण मम्मी पण खोटं सांगते. ट्रेनमध्ये मला म्हणाली होती, टीसीने विचारलं तर पाच पूर्ण नाहीत सांग." तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पाच पूर्ण झाले की अर्धं तिकीट लागतं, आणि घाईत तिने ते काढलं नव्हतं.

आईचा चेहरा लाल झाला. ती त्याला गप्प बसवेल असं मला वाटलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो रे. ते माझं चुकलं. तुला खोटं बोलायला लावलं, सॉरी." जोएल तिच्याकडे बघतच राहिला. मग जरा पुढे सरकून विचारलं, "तू फादरना सांगितलंस?" ती म्हणाली, "नाही. आता सांगते."

त्या वर्षी त्याचं पहिलं पापनिवेदन होतं, म्हणजे आपल्या चुका फादरांपाशी कबूल करायच्या. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचं, आणि पापनिवेदनाचं वय साधारण सात वर्षांवर आणलं, कारण या वयात मुलाला बरं-वाईट उमजू लागतं. उमजू लागतं, एवढंच. आपण मात्र त्या दिवसापासून मूल चुकणारच नाही असं धरून बसतो. आईला मी विनवलं की फादरना काय सांगितलंस, हे त्याला कधीही विचारू नका. तिने विचारलं नाही. दोघं एकाच रांगेत उभे होते, तो पुढे, ती मागे, असं तिने मला नंतर कळवलं.

जूनमध्ये पुन्हा तिचा फोन आला. आवाज उतरलेला. गणिताच्या वहीवर बाईंनी लिहिलेला शेरा त्याने लपवला होता. "पुन्हा तेच, मॅडम."

मी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"त्यानेच सांगितलं. रोझरीनंतर."

"शेरा कधीचा होता?"

"त्याच दिवसाचा. सकाळचा."