तीन मिनिटांत अख्खं महायुद्ध नको, एक रात्र घ्या

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळालाय 'महायुद्धातले बॉम्बहल्ले आणि युद्धनीती', वेळ तीनच मिनिटं. त्याने नेटवरून विमानांची नावं, बॉम्बचे टन असं सगळं मिळून चार पानं उतरवलीत आणि पाठ करताना रोज अडकतो. सासरे 1971 च्या युद्धात गिरगावात होते, तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावायचो असं ते सांगतात, ते भाषणात घेतलं तर चालेल का?
– एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, चालेल काय, सुरुवातच तिथून करा. ती चार पानं बाजूला ठेवा, विमानांची नावं ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत आणि पोरगं अडकतंही तिथेच. आजोबा कागद का लावायचे? वरच्या विमानाला शहर दिसू नये म्हणून. बस, हाच धागा पकडायचा, शहर लपवणारे आणि शहर शोधणारे.

आता एक रात्र घ्या, 14 नोव्हेंबर 1940, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. ब्रिटनमध्ये ब्लॅकआऊट, म्हणजे रात्री सगळे दिवे झाकायचा नियम, 1 सप्टेंबर 1939 पासूनच होता, म्हणजे या शहराला अंधाराची वर्षभराची सवय होती, पण त्या रात्री चांदणं लख्ख होतं आणि शिवाय सगळ्यात पुढची मोजकी जर्मन विमानं नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर आलीच नव्हती, रेडिओलहरींच्या अदृश्य पट्ट्यावरून रस्ता काढत आली. त्यांनी आग लावणारे बॉम्ब टाकून शहर पेटवलं, मग मागून येणाऱ्या शेकडो विमानांना ती आग लांबूनच दिसली. सोबत मोठे स्फोटक बॉम्ब होतेच, त्यांनी छपरं उडाली, रस्ते खचले, पाण्याच्या मेन लाईन फुटल्या, त्यामुळे आग विझवायला आलेल्यांच्या पाइपला पाणीच येईना. इथे त्याला एक सेकंद थांबायला सांगा, घाईत वाचून टाकू नको म्हणावं. संध्याकाळी सातच्या पुढे सुरू झालेला हल्ला पहाटेपर्यंत चालला, साडेपाचशेहून जास्त माणसं गेली, सेंट मायकेल कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, जळालं, त्याच्या भिंती आजही तशाच उभ्या ठेवल्यात.

नेटवर एक गोष्ट हमखास सापडेल, हल्ला होणार हे तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलला आधीच माहीत होतं तरी त्याने शहर जळू दिलं अशी. ती घेऊ नका, बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत.

पण नुसतं कॉव्हेंट्री सांगून थांबू नका, जर्मन वाईट आणि ब्रिटिश बिचारे एवढंच मुलांच्या डोक्यात जायला नको, असं मला मनापासून वाटतं. जुलै 1943 मध्ये ब्रिटिश विमानं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावर गेली तेव्हा त्यांनी आधी कागदी पट्ट्या टाकल्या, एका बाजूने ॲल्युमिनियम लावलेल्या, 27 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर रुंद. ही लांबी जर्मन रडारच्या लहरीच्या साधारण निम्मी, म्हणून लहरी या पट्ट्यांवरून जोरात परतल्या आणि रडारच्या पडद्यावर इतके ठिपके उमटले की खरं विमान कुठलं ते कळेना. दोनतीन रात्रींनी तिथे आगीचं वादळ उठलं, त्या हल्ल्यांत तीस हजारांहून जास्त लोक मेले, बहुतेक साधी घरातली माणसं, बायका, पोरं, म्हातारी.

आकडे एवढेच पुरेत. पोळ्या गुंडाळतो तो फॉइल घरात असेलच, पट्टीने मोजून बरोबर त्या मापाचा तुकडा कापून द्या, हॅम्बुर्गचं वाक्य आलं की त्याने तो खिशातून काढून वर धरायचा.

आणि 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' यात अर्धा मिनिट घालवू नका, एका दमात नमस्कार आणि लगेच 'माझे आजोबा गिरगावात खिडकीला काळा कागद लावायचे'. घड्याळ लावून आजोबांसमोरच म्हणून घ्या, त्यांना आठवेल ते एखादं वाक्य अजून मिळेल.