डोकं कापल्यावरही मरळ माशाचं धड वळवळतं. मग पोहणं मेंदू चालवतो की नाही?

ठाण्याच्या मासळी बाजारात अशी वळवळ पाहून तुम्ही हा प्रश्न विचारलात. तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे. मेंदू ‘सुरू हो, वेग वाढव, वळ’ एवढंच सांगतो. लय तयार होते मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरीत.

तिथे डावीकडच्या उत्तेजक चेतापेशी डावे स्नायू आवळतात. त्याच क्षणी पलीकडे जाणाऱ्या निरोधक पेशी उजवी बाजू दाबून ठेवतात. मग पाळी उलटते. हे आवळणं डोक्याकडून शेपटीकडे किंचित उशिरा-उशिराने सरकतं, म्हणून अंग नागमोडी होऊन पाणी मागे ढकललं जातं.

याचा सर्वांत सुंदर पुरावा लॅम्प्रे या जबडा नसलेल्या प्राण्याचा: त्याचा मज्जारज्जू बाहेर काढून योग्य द्रावणात ठेवला, तरी पोहण्याचीच लय तासन्‌तास उमटते! स्वीडनचे चेताशास्त्रज्ञ स्टेन ग्रिलनर यांचं यावरचं काम जरूर शोधा. झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशामध्ये तर संथ आणि जलद पोहण्यासाठी पेशींचे वेगवेगळे गट आढळलेत.

मात्र कापलेल्या धडाची वळवळ म्हणजे सुसूत्र पोहणं नव्हे. ती बहुतांशी प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मेंदूविना आपोआप होणारी हालचाल; पेशींचा प्राणवायू संपला की थांबते.