चेहरा शांत, नाडी ११२

"मॅडम, ती दोन वर्षांची असताना तिला माझ्या आईकडे ठेवून मी नोकरीवर रुजू झाले. त्यामुळे तर झालं नसेल ना हे?"

लेकीच्या खाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक आया फिरून फिरून इथेच येतात. (वडिलांनी हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.)

मुलगी बावीस वर्षांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भराभर, पोट तडतडेपर्यंत खायचं आणि मग नळ सोडून उलटी काढायची, असं दीड वर्ष चाललेलं. मी आधी तिला डॉक्टरांकडे धाडलं. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्ततपासणी आणि ईसीजी झाल्यावरच आम्ही बोलायला बसलो.

आजोळच्या दिवसांबद्दल विचारलं तर हसली. "मी रडायचेसुद्धा नाही. आई एसटीत बसली की मी खेळायला पळायचे." कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर माझ्या टेबलावर पडलेला असतो. चाळा म्हणून तो तिनेच बोटाला लावला होता. नाडी ७८ वरून ११२ वर गेली. आम्ही दोघी आकड्याकडे बघत राहिलो.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं होतं. आई खोलीबाहेर गेली तरी काही बाळं रडत नसत, ती परतली तरी तिच्याकडे वळत नसत. शहाणी बाळं! पुढे इतरांनी अशा बाळांचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले.

दोष आईचा, असं मी म्हणणार नाही, आणि हे धीर द्यायचा म्हणून नव्हे. या आजारामागे आनुवंशिकता असते, डाएटिंग असतं, बरंच काही असतं. मायेची आजी हाही आधारच. मला खटकलं ते आजचं: ही मुलगी घाबरली की माणसाकडे जात नाही, बाथरूमकडे जाते. उलटीनंतर काही मिनिटं ताण ओसरतो, म्हणून तर सुटत नाही.

उपचारांच्या जोडीला गृहपाठ दोघींना दिला: जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसायचं, खाण्याचा विषय काढायचा नाही. त्या मटार सोलतात. पहिल्या आठवड्यात दोनदाच जमलं. ऑक्सिमीटर मात्र घरी नेऊ दिला नाही. वजनकाट्याच्या जागी आणखी एक आकडा नको.

आई अजून पोळ्या मोजते. परवा लेक म्हणाली, "आई, मोजू नकोस, नुसती बस ना माझ्याजवळ." हे मला आईनेच सांगितलं, जरा रुसून.